सुक्याबरोबर ओलेही

'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे वापरली जाते की, तिच्यात एखादा नैतिक प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वर्गातील दोन मुलांनी दंगा केला आणि मास्तरांनी सगळा वर्ग उभा केला, म्हणजे आपण ही म्हण उच्चारतो. एका भावाच्या कर्जापायी साऱ्या घरावर जप्ती आली, तेव्हाही हीच म्हण कामास येते. तिच्यात थोडी हळहळ असते, थोडा उसासा असतो. तक्रार मात्र नसते. जळणे हा जणू सुक्याचा धर्म आणि सुक्याच्या शेजारी असणे हा ओल्याचा दैवयोग, असे समाधान ती आपल्या पदरी टाकते आणि प्रश्न तेथेच मिटवते.

परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ओले जळते ते सुक्याला लागून असल्यामुळे, आणि तेही त्याच आगीत, त्याच घटकेला. आता अशी कल्पना करा की आग विझून तीन महिने लोटले आहेत, पेटवणारा ती विसरूनही गेला आहे, डोंगरावर नवी पालवी आली आहे. आणि अशा वेळी, काही कोस दूर, या सृष्टीत सर्वांत ओला म्हणता येईल असा जो प्राणी, म्हणजे पाण्यातला मासा, तो त्या विझलेल्या आगीने मेला. येथे म्हणीचे समाधान पुरे पडेल काय? मासा तर सुक्याच्या शेजारी नव्हताच. आणि त्या माशावर ज्याचे घर चालते तो मनुष्य कोणाच्या दारी जाऊन दाद मागणार?

ही नुसती तर्काची कसरत नव्हे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर हा तालुका आहे. गावाचे जुने नाव वाढोणा. तेथील परमेश्वराचे देऊळ पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. या मुलखाच्या उत्तर अंगाने पैनगंगा वाहते. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे निघालेली ही नदी येथे मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधली सीमा झाली आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यापासून १९४८ पर्यंत तर तिचे दोन तीर दोन निराळ्या अमलांत होते. दक्षिणेस निजाम आणि उत्तरेस इंग्रज. आज दोन्ही तीर एकाच राज्यात आहेत, तरी जिल्हे दोन आणि महसुली विभागही दोन. नदीला मात्र पूर्वीही दोन तीरांचे पाणी वेगळे ठेवता आले नाही आणि आजही येत नाही. थोडे खाली इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून ती कोसळते. दोन्ही अंगांना साग, मोह, टेंभुर्णी, पळस, धावडा यांचे पानगळीचे रान आहे. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्य याच रानाचा भाग होय. या रानाच्या आधाराने गोंड, आंध, कोलाम, बंजारे राहतात. नदीच्या आधाराने भोई राहतात.

फाल्गुन लागला की या रानात वणवे दिसू लागतात. ते आकाशातून पडत नाहीत. मोहाचे फूल पहाटे गळते आणि उजाडण्यापूर्वी ते वेचावे लागते. जमिनीवर वीतभर पाचोळा असेल तर ते फूल त्यात हरवते. म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करण्याची वहिवाट आहे. टेंभुर्णीच्या झुडपांवरून आग फिरली की कोवळी, मोठी, लवचिक पाने फुटतात आणि विडीच्या कारखान्यास तीच हवी असतात. गुरांना कोवळे गवत लवकर मिळावे म्हणूनही कोणी काडी ओढतो, तर कोणी नुसती जळती विडी फेकून पुढे जातो. झाडाखाली लावलेली आग तेथेच राहती तर प्रश्न नव्हता. चैत्राचा वारा तिला टेकडीभर नेतो. ही आग पाइनच्या रानातल्यासारखी शेंड्यांवरून धावणारी नसते. ती जमिनीवरून सरपटत जाते, पाचोळा, गवत आणि रोपे खाते, आणि मोठी झाडे बहुधा वाचतात. महिन्याभराने रान पुन्हा हिरवे दिसू लागते. ज्याने आग लावली त्याच्या डोळ्यांना आपण काही नुकसान केले असे दिसतच नाही, कारण नुकसान त्याच्या डोळ्यांसमोर घडतच नाही.

ते कोठे घडते हे समजण्यासाठी डोंगर उतरून नदीकडे यावे लागते. उन्हाळ्यात पैनगंगेची धार जागोजागी तुटते आणि नदीची डोहांची माळ होते. शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे जसे कणगीत जपून ठेवतो, तसे नदीने आपले बियाणे या डोहांत ठेवलेले असते. मृगाच्या पुरानंतर डोह पुन्हा जोडले जातात, मासे वर चढतात, अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरते. पण त्या पहिल्या पावसाच्या तोंडावर डोहाची स्थिती नाजूक असते. पाणी थोडे, तापलेले. आणि पाणी जितके तापलेले, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. मृगाची पहिली मोठी सर पाचोळ्यावर पडली तर पाचोळा थेंबाचा मार स्वतःवर घेतो आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरवतो. तीच सर जळलेल्या, उघड्या उतारावर पडली तर थेंब मातीवर आदळतो, माती सुटते आणि राख, कोळसा व गाळ घेऊन पाणी नाल्याने धावत डोहात येते. राखेत क्षार असतात, त्यांनी पाण्याचा गुण पालटतो; सूक्ष्म कण माशांच्या कल्ल्यांवर बसतात; पाण्यासोबत आलेले जळके, कुजके द्रव्य उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. मरळीसारखा मासा वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तग धरतो. ज्यांना ती सोय नाही ते गुदमरतात. जे वाचतात त्यांच्या अंड्यांवर गाळ बसतो. आणि दरवर्षी थोडाथोडा गाळ साचून डोहच उथळ होत जातो, म्हणजे कणगीचाच तळ वर येतो.

हे असे होते याचे अगदी उघड प्रत्यंतर ऑस्ट्रेलियात दिसले. २०१९ च्या अखेरीस तेथे जे प्रचंड वणवे पेटले, त्यांच्यानंतर जानेवारी २०२० मध्ये पाऊस पडला आणि मॅक्ले नदीत राखेचे काळे पाणी येऊन मासे फार मोठ्या संख्येने मेले. ज्या पावसाची साऱ्या देशाने आग विझावी म्हणून वाट पाहिली, तोच पाऊस माशांना मृत्यू घेऊन आला. आपल्याकडील आग तेवढी मोठी नसते, म्हणून दृश्यही तेवढे भयंकर नसते. पण उताराचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

आता प्रश्न असा की, हा अपराध कोणाचा? मोहफुले वेचणारीने मासे मारावेत असे मनात आणले नव्हते. तिला डोह दिसतही नव्हता. शिवाय काडी एकीनेच ओढली असेही नाही; दहा झाडांखाली दहा जणांनी ओढली, आणि कोणाची राख कोणत्या डोहात गेली हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. अपराध ठरावयास हेतू लागतो, कर्ता लागतो, साक्षी लागतो. येथे तिन्ही नाहीत. आहे ते फक्त रिकामे जाळे.

अशा वेळी मनुष्य तीन ठिकाणी उत्तर शोधतो: कायद्यात, निसर्गात आणि दैवात. तिघांचीही तपासणी करून पाहू.

कायद्यापासून आरंभ करू. आज लागू असलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ ने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे. गमतीची गोष्ट अशी की, नियमांविरुद्ध मासे धरणे आणि पाण्यात विष कालवणे हे गुन्हेही त्याच कलमात येतात. म्हणजे आग आणि पाणी एका कलमात शेजारी बसवले आहेत, पण आगीने पाण्याचे काय होते याचा तेथे उच्चार नाही. त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की, जंगलात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकारला त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क आपल्याला योग्य वाटेल तितका काळ बंद ठेवता येतात. काडी कोणी ओढली हे कळत नाही, म्हणून साऱ्या गावाची फुले, पाने आणि चराई बंद! आमच्या म्हणीला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. ज्या दुःखावर कायद्याने औषध द्यावयाचे, तेच दुःख तो औषध म्हणून देतो. भोयाच्या हाती तर यातून काहीच पडत नाही. उलट शेजारच्या पाड्यावर उपासमार आली म्हणजे तेथील मनुष्यही जाळे घेऊन त्याच डोहावर येणार.

निसर्गाचा पक्ष अधिक तोलाचा आहे. तो म्हणतो: वणवा हा रानाचा जुना सोबती आहे, मनुष्य नव्हता तेव्हाही रान जळत होते आणि नद्या वाहत होत्या. याला मोठा दाखला १९८८ सालचा आहे. अमेरिकेतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग त्या उन्हाळ्यात वणव्यांनी होरपळला. तेथील नद्या ट्राउट माशांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. ट्राउट हा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. इंग्रजांनी तो आपल्याकडे काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. काठचे झाड जळून ओढ्यावरची सावली गेली आणि पाणी तापले, एवढेही त्याला सोसत नाही. तेव्हा यलोस्टोनमधली ट्राउट संपली असे अनेकांना वाटले. पण तसे झाले नाही. उद्यानातील नद्या काही वर्षांतच सावरल्या, आणि गळ टाकणारे पुन्हा काठावर दिसू लागले. मग, हा पक्ष विचारतो, पैनगंगेच्या काठी एवढा आक्रोश कशासाठी?

उत्तर असे आहे. यलोस्टोनला सावरावयास वेळ मिळाला. तेथली एवढी मोठी आग शतकानुशतकांतून एखादे वेळी येते, आणि तिच्यानंतर डोंगराला पुन्हा अंगभर पांघरूण घेण्याइतकी उसंत असते. शिवाय उद्यान विस्तीर्ण होते. एका ओढ्यातला मासा गेला तर दुसऱ्यातून येण्यास वाट मोकळी होती. जेथे ही वाट नव्हती तेथे काय झाले तेही पाहावे. १९८९ मध्ये न्यू मेक्सिकोत एका वणव्यानंतर मेन डायमंड या ओढ्यातील गिला ट्राउट समूळ नाहीशी झाली. ही दुर्मिळ जात तेवढ्या मोजक्या, एकमेकांपासून तुटलेल्या ओढ्यांतच उरली होती. तेथे ती पुन्हा दिसावी म्हणून माणसालाच मासे आणून सोडावे लागले. तात्पर्य, आग स्वभावतः पाप नाही आणि पुण्यही नाही. ती किती वेळाने येते आणि तिच्या वाटेत आलेल्याला पळून जाण्यास दुसरी जागा आहे की नाही, यावर तिचा न्याय अवलंबून आहे. पैनगंगेच्या टेकडीवरील आग लहान आहे, पण ती वर्षानुवर्षे येते. आणि उन्हाळ्यातल्या डोहातून माशाला पळून जावयास वाट नाही. मोठ्या अनर्थाला आपण अनर्थ म्हणतो, त्याच्या आठवणी ठेवतो, त्यातून शिकतो. वर्षानुवर्षे होणाऱ्या लहान अनर्थाला आपण वहिवाट म्हणतो, आणि वहिवाटीला कोणी विचार करावयास बसत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा नैतिक धोका येथे आहे.

राहिले दैव. दैवाचे नाव घेणाऱ्याने आपल्याच महाभारताकडे पुन्हा पाहावे. आदिपर्वात खांडववनाच्या दाहाची कथा आहे. अग्नीला भूक लागली. कृष्ण आणि अर्जुन रथांत बसून वनाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि जो प्राणी बाहेर पडू पाहील त्याला त्यांनी आत लोटले. ही कथा आपण पराक्रमाची म्हणून ऐकतो. पण कथाकाराने एक गोष्ट लपवलेली नाही. त्या वनातली तळी आगीने उकळू लागली आणि त्यांतले मासे व कासवे मेली, हे तो स्पष्ट सांगतो. पराक्रमाच्या वर्णनात मेलेल्या माशांना जागा देणारा कवी सामान्य नव्हे. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली आहे. त्या आगीतून वाचलेल्या सहांपैकी एक होता तक्षकाचा पुत्र अश्वसेन. त्याची आई त्याला वाचवताना मेली. तोच अश्वसेन कित्येक वर्षांनी कुरुक्षेत्रावर कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनाच्या मस्तकावर धावून येतो. आग इंद्रप्रस्थाजवळ लागली, तिचे उत्तर कुरुक्षेत्रावर आले. आग तरुणपणी लागली, उत्तर उतारवयात आले. याला कोणी दैव म्हणो. मला त्यात कर्म आणि परिणाम यांच्यामधले अंतर दिसते. अंतर वाढले म्हणून संबंध तुटत नाही, एवढेच कवीला सांगावयाचे आहे. फरक इतकाच की, कथेत परिणाम अग्नीच्या साथीदाराकडेच परतून येतो आणि आपल्या नीतिबुद्धीचे समाधान होते; नदीत तो परत येत नाही. नदी वर वाहत नसल्यामुळे डोंगरावरच्याला खालच्याच्या दुःखाचा बाण कधी लागत नाही. म्हणूनच येथे दैवावर किंवा कर्मफलावर विसंबून चालणार नाही. जेथे परिणाम आपण होऊन परत येत नाही, तेथे तो आपल्या पायांनी खाली जाऊन पाहणे हेच माणसाचे कर्तव्य ठरते.

यावर कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की या मोहफुले वेचणाऱ्या बाईस धारेवर धरणे फार सोपे नाही काय? नदीची धार वर इसापूरच्या धरणाने अडवली आहे. डोहातली वाळू उपसून कोणाच्या माड्या चढल्या, तेही गुपित नाही. आणि खुद्द मासे धरणाऱ्यांतही झाडपाल्याचे विष किंवा सुरुंगाची दारू वापरून एका दुपारी डोह साफ करणारे महाभाग असतात. जिच्या हातात विळा आणि टोपले यांपलीकडे काही नाही, तिच्या काडीचाच तेवढा हिशेब का मांडावा?

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. दुसऱ्याचा वाटा मोठा आहे, म्हणून आपला वाटा शून्य होत नाही. दहा चोरांत एक चोर लहान असला तरी तो साव ठरत नाही. पण वाटा आणि ओझे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हानीत कोणाचा किती वाटा आहे ते एका मापाने ठरते, आणि ती टाळण्याचे ओझे कोणी किती उचलावे ते दुसऱ्या मापाने ठरले पाहिजे. ते दुसरे माप म्हणजे सामर्थ्य. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून काढता येतो. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी पसरून फुले झेलता येतात. उपाय अवघड नाही, पण तो फुकटही नाही. एक काडी ओढली की पाच मिनिटांत होणारे काम केरसुणीने करावयाचे तर सकाळ जाते, आणि एका घराची अशी झाडे पाच-दहा असतात. म्हणजे डोहातला मासा वाचवावयाचा तर त्याची किंमत कोणा एका बाईच्या कमरेने द्यावयाची. त्या माशातला एक तुकडाही तिच्या ताटात पडावयाचा नाही. अशा माणसास, 'बाई, निसर्गाचे रक्षण करा,' असा उपदेश सागाच्या खुर्चीत बसून करणे हा कोरडा ब्रह्मघोळ होय. सागाची खुर्ची, टेंभुर्णीच्या पानाची विडी, बाजारातली मासळी या तिन्हींचे गिऱ्हाईक गावात आणि शहरात आहे. लाभ जेथवर पोचतो, तेथवर ओझेही पोचले पाहिजे.

ट्राउटच्या नद्यांवरची एक पद्धत येथे आठवते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात उन्हाळ्यात नदीचे पाणी फार तापले, की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत त्या नदीत गळ टाकण्यास मनाई करतात. तापलेल्या पाण्यात गळाशी झुंजलेला मासा पुन्हा सोडून दिला तरी जगत नाही. ज्याचे नुकसान झाले तोच गळ टाकणारा तेथे आणखी एक त्याग करतो आणि नदीला विसावा देतो. हे सुंदर आहे. पण त्याचे सौंदर्य पैनगंगेवर जसेच्या तसे आणता येणार नाही. तेथल्या बहुतेकांचा गळ हौसेचा आहे. एक दुपार हुकली तर त्यांचा आनंद हुकतो. भोयाची एक दुपार हुकली तर घरची चूल हुकते. त्याग हा शब्द दोघांना सारख्या वजनाने लावणे हा न्याय नव्हे. तरी त्या पद्धतीतले एक तत्त्व उचलण्याजोगे आहे: ज्याला नदी आपली वाटते तो दुसऱ्याचा दोष सिद्ध होईपर्यंत थांबत नाही, आपल्या हाती असेल तेवढे आधी करतो. सुरुंगाची दारू लावून डोह मारणाऱ्याने डोंगरावरच्या आगीची तक्रार करावी, हे त्या तत्त्वात बसत नाही. डोंगराकडे हात करण्यापूर्वी डोहकाठच्यांनी आपला डोह विषापासून राखला पाहिजे.

मग दोघांची गाठ पडावी कोठे? आपल्या समाजात शेजारधर्म नावाची एक जुनी, भक्कम गोष्ट आहे. शेजाऱ्याच्या घरी मयत असेल तर आपल्या घरी गोडधोड करीत नाहीत. त्याची भिंत ओली होईल असे पाणी सोडत नाहीत. पण हा धर्म आपण भिंतीला भिंत लागलेल्या घरापुरता मानला. नदीच्या खोऱ्यात शेजाराची व्याख्या निराळी करावी लागेल. येथे ज्याच्या अंगणात माझे पाणी उतरते तो माझा शेजारी, मग तो चार कोसांवर राहो, त्याची जात निराळी असो, त्याचा जिल्हा पलीकडचा असो. पैनगंगेच्या दोन तीरांवर राज्ये आली आणि गेली, पण उतार बदलला नाही; तेव्हा उताराने जोडलेले हे शेजारपण कोणत्याही सरहद्दीपेक्षा जुने आणि टिकाऊ आहे. शहरातल्या वाचकाने आपल्या नळाचे पाणी कोठून येते आणि मोरीचे पाणी कोणाच्या गावी जाते एवढे विचारले, तरी आपल्यालाही वरचे आणि खालचे असे शेजारी आहेत हे त्याच्या ध्यानी येईल.

आश्चर्य वाटेल, पण या विचाराला आज कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना मोहफुले, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजावर हक्क दिला, आणि त्याच कलमात पाण्यातल्या माशांवरील सामूहिक हक्कही मानला. शिवाय हक्कधारकांवर आणि ग्रामसभेवर पाणलोटाचे व पाण्याच्या साठ्यांचे रक्षण करण्याची जबाबदारी ठेवली. १९२७ च्या कायद्याने आग आणि मासा यांना गुन्ह्यांच्या यादीत शेजारी बसवले होते. २००६ च्या कायद्याने फूल आणि मासा यांना हक्कांच्या यादीत शेजारी बसवले. ज्याला नुसता धाक आहे तो शिपायाची पाठ फिरण्याची वाट पाहतो. ज्याला हक्क आहे तोच जबाबदारीचा विचार करू शकतो. पैनगंगा पुढे ज्या वर्धेला मिळते, तिच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव नावाचे लहानसे गाव आहे. २०१२ मध्ये त्यास सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हा तेथील ग्रामसभेने विचार करून तेंदूपाने तोडणे आपण होऊन बंद केले. त्यापायी झाडे छाटली जातात आणि रानाला आगी लागतात हे त्यांनी पाहिले होते. हातचा रोकड पैसा त्यांनी सोडला आणि बांबूवर भर दिला. येथे शिपाई नव्हता, दंड नव्हता. आपल्या मालकीचे रान आणि त्याचा हिशेब करणारी माणसे एवढेच होते.

यावरून असे दिसते की, 'अपराध कोणाचा?' हा आपण आरंभी विचारलेला प्रश्न चुकीच्या दाराशी नेणारा होता. अपराधी शोधावयास निघालेला मनुष्य हेतू, कर्ता आणि साक्षी यांच्यावाचून रिकाम्या हाती परततो, आणि मग रागाने साऱ्या गावाला दंड करतो. 'हे मृगापूर्वी कोणाला टाळता येईल, आणि त्याला त्यासाठी काय लागेल?' असे विचारले, तर उत्तर बऱ्यापैकी जवळ सापडते. केरसुणीचे कष्ट कोणाच्या कमरेवर पडतात ते मोजता येते. मच्छीमारांच्या संस्थेने त्या कष्टांत दोन सकाळी हात लावावा, विडीच्या व्यापाऱ्याने जाळून आलेल्या पानांना वरचा भाव देऊ नये, वनखात्याने जाळरेषा वेळेवर काढाव्यात आणि त्यांची मजुरी रानातल्याच माणसांना द्यावी, या गोष्टी ठरवून करता येण्यासारख्या आहेत. यांपैकी एकही करणे म्हणजे स्वतःला अपराधी कबूल करणे नव्हे. दोष नसतानाही जबाबदारी असू शकते. आईबापांना, शेजाऱ्यांना आणि नदीकाठच्या गावांना हे मुद्दाम शिकवावे लागू नये.

'सुक्याबरोबर ओलेही जळते' हे विधान म्हणून खरे आहे. ते सल्ला म्हणून घेऊ नये, इतकेच. माघ महिन्यात, मोह फुलण्यापूर्वी, रानातल्या गावाची ग्रामसभा बसते तेव्हा तिच्यात खालच्या डोहावरचा एक भोई बोलावून बसवला, आणि त्याने गेल्या मृगातले पाणी कसे आले ते आपल्या शब्दांत सांगितले, तर त्या बैठकीनंतर काडी ओढणारा हात निदान एकदा थांबेल. आणि सभा उठण्यापूर्वी त्या भोयानेही हे ऐकून घ्यावे की, एका झाडाखालचा पाचोळा झाडावयास किती वेळ लागतो.